घासातला घास

चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपवून पास्काची पहाट उगवते, तेव्हा ख्रिस्ती घरातील चूलही नव्याने पेटल्यासारखी भासते. रात्रीचा जागरणविधी आटोपून घरी परतलेली मंडळी शिणलेली असतात, पण आनंदी असतात. आणि भुकेलेलीही असतात. अशा वेळी गृहिणीने पानात काय वाढावे? आमच्या घरी गेली काही वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले आहे. फेटलेल्या अंड्यात बारीक चिरलेल्या भाज्या व सॉसेजचे तुकडे घालून ते मिश्रण लहान लहान वाट्यांत भाजून काढावे. घासाघासाने खाता येईल असा हा तिखटमिठाचा पदार्थ होय. आम्ही त्याला 'अंड्याचे घास' म्हणतो. अमेरिकेतील एका मोठ्या कॉफीगृहांच्या साखळीने 2017 साली असे घास आपल्या दुकानांत ठेवले आणि तेव्हापासून ते जगभर गाजले. परंतु त्यांचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मराठी स्वयंपाकघरातूनही गेलेला आहे.

धर्मग्रामाच्या साप्ताहिकात खाण्यापिण्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे नम्र उत्तर असे की, पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांना न्याहारी वाढली, ही हकिगत संत योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात मोठ्या आवडीने सांगितली आहे. आणि लूकच्या 11व्या अध्यायात, प्रार्थनेविषयी बोलताना, अंडे मागणाऱ्या मुलाच्या हाती विंचू देणारा बाप कोठे असेल काय, असे प्रभूने विचारले आहे. मूल अंडे मागते, ही गोष्ट त्याने क्षुल्लक मानली नाही. आपणही ती क्षुल्लक का मानावी?

प्रथम अंडे आणि पास्का यांचे नाते पाहू. जुन्या काळी पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत उपवासकाळात केवळ मांसच नव्हे, तर अंडी व दूधदुभतेही वर्ज्य असे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात या नियमाची कारणे चर्चिली आहेत. ज्या प्राण्यांचे मांस वर्ज्य, त्यांच्यापासूनच अंडी व दूध येते, असा त्यांतील एक युक्तिवाद आहे. पण कोंबडीला उपवासकाळ ठाऊक नसतो! माणसे उपाशी राहिली तरी ती आपली अंडी घालीतच राहते. त्यामुळे चाळीस दिवसांत घरोघर अंड्यांचा साठा होई आणि पास्काच्या दिवशी तो साऱ्यांसाठी खुला होई. ही अंडी लोक मंदिरात आशीर्वादासाठी आणीत. 1614 साली प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात अंड्यांवर म्हणावयाची आशीर्वादाची प्रार्थना दिलेली आहे. तात्पर्य, पास्काचे अंडे म्हणजे केवळ रंग दिलेले खेळणे नव्हे. दीर्घ संयमानंतर कृतज्ञतेने खाल्लेले ते अन्न आहे.

पुढे नियम सौम्य झाला. 1917 च्या धर्मविधानात मांसवर्जनाच्या दिवशीही अंडी व दूध यांना मोकळीक होती. पोप सहावे पॉल यांनी 1966 साली उपवासाची नवी व्यवस्था लावून दिली, तीतही ती कायम राहिली. 1983 च्या धर्मविधानाप्रमाणे चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांस मांसवर्जन लागू होते. म्हणजे राखेच्या बुधवारी आणि पवित्र शुक्रवारी आपल्या घासात सॉसेज चालत नाही, पण अंडे आणि भाजी चालते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचा उपयोग पुढे आहे.

आता आमच्या गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हा पदार्थ येथे करताना जो प्रश्न उभा राहतो, तो वसईत किंवा म्हापशात तितक्या तीव्रतेने उभा राहत नाही. बोरगाव हे सौंसर तालुक्यातले, नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे गाव. भोवताली संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते. बोली मराठी, तीही नागपुरी वळणाची. पण राज्य मध्य प्रदेश. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भातील जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली त्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि सौंसर तालुका त्यात आला. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत 1991 पासून रेमंडची कापडगिरणी आहे. इतरही कारखाने आहेत. पोटापाण्यासाठी दूरदूरची माणसे येथे आली आणि एका भिंतीच्या आडोशाने राहू लागली. कोणी शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जाणारे, कोणी गळ्यात तुळशीची माळ घातलेले वारकरी, कोणी मुसलमान, आणि त्यांत आम्हां ख्रिस्ती लोकांची अगदी मोजकी घरे. अशा वस्तीत कांदा परतला तरी त्याचा वास चार घरी जातो. मग सॉसेजचा का जाणार नाही?

येथे बाजारहाटही निराळा. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात आणि टोमॅटोला भेदरे. छिंदवाड्याकडचा मका प्रसिद्ध आहे. त्याचे कोवळे दाणे घासात घातले तर दाताखाली गोड लागतात. फुलकोबी, पालक, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात, जे त्या त्या हंगामात स्वस्त व ताजे मिळेल ते घ्यावे. या पदार्थाचा हा एक मोठा गुण आहे की, तो अमुकच भाजी पाहिजे असा हट्ट धरीत नाही.

भट्टीचे काय, हा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. घरात विजेची भट्टी नसेल तर हा पदार्थ व्हावयाचा नाही, अशी त्यांची समजूत असते. तिला उत्तर आपल्या आजीच्या काळातच मिळते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी भानोले नावाचा पदार्थ पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. कोबी किंवा कोलंबी, पीठ, नारळाचे दूध आणि अंडी एकत्र करून ते मिश्रण पातेल्यात ओतावयाचे, झाकणावर निखारे ठेवावयाचे आणि खालून मंद आच द्यावयाची. की वर-खाली सारखे भाजून खरपूस भानोले तयार होते. गोव्यातील बेबिंकही अशीच वरच्या आचेवर थरावर थर देत भाजली जाते. पारशी मंडळींचे 'टमाटा पर ईडू' म्हणजे शिजलेल्या भाजीवर अंडी फोडून, झाकण घालून वाफेवर जमविलेलाच पदार्थ. अंडे, भाजी आणि भोवतालची बंदिस्त आच हे त्रिकूट आपल्याला परके नाही. आणि जिच्या घरी आप्पेपात्र आहे, तिच्या घरी या घासांचे आयते साचे आहेत.

सॉसेज मात्र बाहेरून आलेले, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पोर्तुगीजांनी आपल्याबरोबर डुकराच्या मांसाचे शोरिसो गोव्यात आणले. तिकडे त्यात वाइन व गोडसर लाल मिरची असे. गोव्याच्या घरांनी त्याचे चोरिस केले: माडाच्या ताडीचा शिरका, भरपूर लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी. ही मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून या किनाऱ्यावर पोहोचविली होती. मांसाचे बारीक तुकडे मीठ-मसाल्यात मुरवून ते आतड्यात भरतात आणि उन्हात वाळवितात किंवा चुलीच्या धुरावर टांगतात. मीठ व ऊन पाणी काढून घेतात, शिरक्याचा आंबटपणा आणि धूर कुजविणाऱ्या जंतूंना आवर घालतात. म्हणून मांस महिनोन् महिने टिकते. पावसाळ्यापूर्वी करावयाच्या 'पुरुमेंत' या साठवणीत चोरिसांचे स्थान ठरलेले. त्यांतील लहान गोल चोरिस दोरीत ओवलेले असतात आणि जपमाळेच्या मण्यांसारखे दिसतात. गोव्यात त्यांना रोझरीचेच नाव आहे. आमच्याकडे ही माळ सोयऱ्यांच्या पिशवीतून प्रवास करीत येते. ती आली नाही तर नागपूर येथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे; तेथे डबाबंद व गोठविलेले कोंबडीचे सॉसेज मिळते, तेही चालते.

पण सॉसेजविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने 2015 साली मीठ, धूर वा रसायने लावून टिकविलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या वस्तूंत केली. रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. म्हणून सॉसेज हे रोजचे अन्न नव्हे. ते सणाचे आणि चवीपुरते असावे. अंड्याच्या घासात नेमके हेच साधते. चोरिसच्या 75 ग्रॅममध्ये बारा घास होतात. म्हणजे एका घासाच्या वाट्याला सहा-सात ग्रॅम येते आणि चव मात्र साऱ्या वाटीभर पसरते. दुसरी गोष्ट शेजाऱ्यांविषयीची. कोंबडीचे म्हणून घेतलेल्या सॉसेजचे वेष्टनही कशाचे आहे ते वाचून घ्यावे, कारण ते डुकराच्या आतड्याचे असू शकते. आणि आपल्या पंगतीला मुसलमान स्नेही असेल तर ते हलाल आहे काय, हेही पाहावे. वेष्टनावरील हिरवी वा तपकिरी खूण एवढे सांगत नाही. त्या खुणेच्या हिशेबात आपल्या देशात अंडेही मांसाहारातच जमा होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

आता कृती. बारा घासांसाठी सहा अंडी, साठ मिलिलिटर म्हणजे पाव कप दूध, 75 ग्रॅम चोरिस आणि बारीक चिरलेल्या भाज्या दीड कप घ्याव्यात. चोरिस कच्चे असते. म्हणून त्याचे वेष्टन काढून, थोडे पाणी घालून, मंद आचेवर ते पाणी आटून चरबी सुटेपर्यंत पुरते शिजवावे. त्याच चरबीत कांदा व भाज्या परताव्यात; वेगळे तेल लागत नाही. भाज्या परतण्यात आळस करू नये. भाजी म्हणजे बहुतांशी पाणी. ती कच्ची घातली तर भाजताना तिचे पाणी सुटते, घास खाली ओले राहतात आणि ताटात पाझरतात. पालक परतून, निववून, मुठीत पिळून घालावा. भेदऱ्यांच्या बिया काढाव्यात. सारे मिश्रण कोमट झाल्यावरच अंड्यात मिसळावे, नाही तर अंडे तेथेच गोठू लागते. चोरिसमध्ये मीठ असतेच, म्हणून वरून अगदी चिमूटभर घालावे. सांबार आणि मिरपूड आवडीप्रमाणे.

अंडी एकजीव होतील इतकीच फेटावीत. फार फेसाळली तर घास भट्टीत टम्म फुगतात आणि बाहेर काढताच बसतात. साच्यांना सढळ हाताने तूप लावावे, तीन-चतुर्थांश भरावेत, आणि 180 अंशांवर तापविलेल्या भट्टीत अठरा ते वीस मिनिटे ठेवावेत. खालच्या कप्प्यात गरम पाण्याची थाळी ठेवली तर घास मऊ राहतात. त्याचे कारण असे: अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडे पुढे घट्ट होऊ लागतो, पिवळा भाग सत्तरीच्या जवळ. दूध घातल्याने ही मर्यादा किंचित वर सरकते व घास मऊ होतो. त्याहून फार अधिक आच लागली, की प्रथिनांचे जाळे आवळते आणि ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर टाकते. घास रबरासारखा चिवट होतो. मधला भाग जरासा थरथरतो आहे पण ओला नाही, अशा वेळी बाहेर काढून पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. उरलेल्या उष्णतेने ते आपोआप जमतात.

भट्टी नसेल तर आप्पेपात्र मंद आचेवर ठेवून, तूप सोडून, मिश्रण घालून झाकण ठेवावे. सहा-सात मिनिटांनी कडा सुटू लागतात. मग काडीने उलटून दोन मिनिटे दुसरी बाजू भाजावी. खळगे लहान असल्याने याच मिश्रणाचे वीसेक घास दोन-तीन घाण्यांत निघतात. वीज गेली तरी यात खंड पडत नाही, ही आमच्यासारख्यांना मोठीच सोय. उन्हाळ्यात मात्र तयार घास तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत. शीतकपाटात ते दोन-तीन दिवस चांगले राहतात.

येथवर पाककृती झाली. आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, ते सांगतो.

आमच्या भिंतीला लागून एक बिऱ्हाड आहे. घरात सासू, मुलगा, सून आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. सासूबाई माळकरी, त्यांच्या स्वयंपाकघरात अंडे कधी आलेले नाही. मूल अशक्त होते, वजन वाढत नव्हते. त्याला डाळी, दूध आणि जमल्यास अंडे द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. एके दिवशी सून आमच्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्याच घरी खाऊ घालत जा ना याले. आत्याबाईले नोका सांगू."

वाचकहो, हा प्रसंग वरून दिसतो तितका सोपा नव्हता. मूल खरोखर भुकेले होते. पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने असतात, शिवाय शाकाहारी ताटात दुधावाचून सहसा न मिळणारे ब-12 जीवनसत्त्वही. आमच्या हाती ते देण्याचे साधन होते आणि आईची संमतीही होती. मुलाने अंडे मागितले तर त्याला विंचू कोण देईल, हे प्रभूचे विचारणे कानांत घुमत होते. शिवाय संत पेत्राला याफो येथे झालेले दर्शनही आठवत होते. देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नये, असे त्याला तेव्हा सांगण्यात आले. मग द्यावे एक अंडे, काय बिघडते?

पण पेत्राचे ते दर्शन पेत्रासाठी होते, शेजारच्या वृद्धेच्या स्वयंपाकघरासाठी नव्हते. त्याच अन्नाच्या प्रश्नावर संत पौलाने करिंथ आणि रोम येथील ख्रिस्ती लोकांस जो उपदेश केला, तो आम्हांला अधिक लागू वाटला. खाण्याची मोकळीक आपल्याला आहे, हे खरे. पण आपल्या मोकळिकीमुळे दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल, तर ती मोकळीक आपण होऊन बाजूस ठेवावी, असा त्याचा आशय आहे. आणि येथे ठेच केवळ आजीला लागणार नव्हती. आमच्या घरी खाऊन तोंड पुसून घरी जाणारे चार वर्षांचे मूल आजीच्या मांडीवर बसून काय सांगणार? त्याला पहिल्या घासाबरोबर आम्ही पहिले खोटे शिकविणार होतो. उद्या ते उघडकीस आले असते, तर वस्तीत एकच गोष्ट पसरली असती: ख्रिस्ती लोकांनी माळकऱ्याच्या नातवाला चोरून अंडे खाऊ घातले. मग खरे काय व खोटे काय, हे कोणी विचारले नसते, आणि सर्वांत अधिक सोसावे लागले असते त्या सुनेला.

आम्ही तिला म्हणालो, "बाळाला खाऊ घालण्यात आम्हांला आनंदच आहे. पण आत्याबाईंना विचारून या. तुम्हांला जड जात असेल तर आम्ही येऊन विचारतो." ती काही न बोलता निघून गेली. पंधरा दिवस ते मूल आमच्या दारात फिरकले नाही. ते दिवस आम्हांला जड गेले. तत्त्व सांभाळताना एका बाळाचे पोषण आपण अडविले की काय, हा विचार रात्री झोपू देत नसे.

त्या पंधरवड्यात आम्ही आणखी एक गोष्ट केली. आमच्याकडे दोन आप्पेपात्रे आहेत. एकाच्या दांडीला लाल दोरा बांधलेला आहे; त्यात अंडे किंवा मांस कधीच शिजत नाही. त्यात आम्ही बेसन, दही, किसलेले गाजर, मक्याचे दाणे, सांबार घालून घास भाजले आणि उघड्या ताटलीतून शेजारी पाठविले. कशाचे आहेत, कोणत्या भांड्यात केले, हे निरोपात सांगितले. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या. त्यांनी दोन्ही पात्रे पाहिली, लाल दोरा हाताने चाचपून पाहिला. मग ओट्याशी बसून म्हणाल्या, "माह्या सैपाकात अंडं येनार नाही. पण पोट्टं तुमच्या घरी खाते त खाऊ द्या. तोंड धुऊन पाठवा. मले इचारलं, हे बरं केलं."

तेव्हापासून ते मूल आठवड्यातून दोन-तीनदा आमच्या ओट्यावर बसून भाजी-अंड्याचा घास खाऊ लागले. सॉसेजचा घास आम्ही त्याला दिला नाही. परवानगी अंड्याची होती. आजीनेही आपल्या बाजूने कसूर केली नाही. मूठभर फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, मुगाचे वरण, रात्री दूध हे तिने नेमाने चालविले. आणि प्रथिनांच्या हिशेबात हरभरा व शेंगदाणा कोणापुढे मान खाली घालण्यासारखे नाहीत. मुलाचे वजन वाढले ते आमच्या अंड्याने की तिच्या फुटाण्यांनी, याचा वाद दोन्ही घरांत अजून गमतीने चालतो. मूल आता शाळेत जाते.

या प्रश्नाला घराबाहेरची एक बाजू आहे, तिचाही उल्लेख करतो. मध्य प्रदेशात 2015 साली अंगणवाडीतील मुलांना अंडी देण्याचा प्रस्ताव राज्य शासनाने नाकारला. 2019 मध्ये पुढच्या शासनाने तो विचार पुन्हा बोलून दाखविला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी खर्च थांबविण्यात आला. या घडामोडींत कोणाचे राजकारण किती, यात आम्ही शिरत नाही. परंतु जेव्हा जेव्हा हा वाद वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा वाटते की ज्यांना अंडे हवे आहे त्या मुलांना ते मिळावे, ज्यांना नको त्यांना तितकेच सकस दुसरे काही मिळावे, आणि कोणाच्याही ताटात काही लपवून पडू नये. एका ओट्यावर दोन आप्पेपात्रे ठेवण्याइतकी जागा असते, तशी ती मोठ्या स्वयंपाकघरांतही काढता येईल.

आपल्या भाषेत 'घासातला घास देणे' असा वाक्प्रचार आहे. आपल्या तोंडचा घास अर्धा करून दुसऱ्याला देणे, असा त्याचा अर्थ. आम्ही या पदार्थाच्या निमित्ताने त्यात एक भर घालू इच्छितो. घास देताना तो घेणाऱ्याच्या घशाखाली उतरेल काय, हेही देणाऱ्याने पाहिले पाहिजे. एका मोठ्या थाळीत सारे एकत्र भाजले, तर ज्याला त्यातील एक जिन्नस चालत नाही, तो पानावरून उठतो. लहान लहान वाट्यांत वेगवेगळे भाजले, तर एकाच वेळी, एकाच आचेवर, प्रत्येकाचा घास तयार होतो आणि कोणालाही उठावे लागत नाही. उपवासकाळातील शुक्रवारी आमच्याकडे सॉसेज नसते, तेव्हा आम्हीही भाजी-अंड्याचेच खातो, आणि बहुधा त्याच दिवसांत होळीची पुरणपोळी घेऊन सासूबाई येतात, तेव्हा दारातूनच विचारतात, "आज तुमच्यात काय चालते, काय नाही?" त्यांनाही आता आमचे नियम पाठ झाले आहेत.

पास्काच्या सकाळी आमच्या घरी तीन प्रकारचे घास होतात. बारा सॉसेजचे, ते घरच्यांसाठी आणि ज्या पाहुण्यांना ते चालतात त्यांच्यासाठी. बारा नुसत्या भाजी-अंड्याचे. त्यांतले चार शेजारच्या मुलासाठी आणि त्याच्या मित्रांपैकी ज्यांच्या घरून होकार आला आहे त्यांच्यासाठी. आणि लाल दोऱ्याच्या पात्रातले बारा बेसनाचे; ते सर्वांत आधी भाजून, वेगळ्या ताटलीत, शेजारी जातात. ज्या भगिनी येत्या सणाला हा पदार्थ करून पाहणार असतील, त्यांनी प्रथम दोन भांडी ठेवावीत, एकाला खूण करावी, आणि ताटली देताना झाकण काढून आत काय आहे ते मोठ्याने सांगावे.